वाचकांचे प्रश्न : मित्रराज्य अचानक का उलटते?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरत आहेत. मध्ययुगीन राज्यांवर आधारलेल्या स्ट्रॅटेजी गेममध्ये संगणक चालवत असलेली प्रतिस्पर्धी राज्ये कधी काय करतील याचा नेम राहत नाही, आणि त्यामागे बुद्धी आहे, फासा आहे की निव्वळ गोंधळ आहे, हे खेळणाऱ्याला उमगत नाही. त्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळेही त्यातच सापडतात.

प्रश्न : मध्ययुगीन युरोपवर आधारलेल्या, फेरीफेरीने खेळायच्या एका गेममध्ये मी चाळीस फेऱ्या शेजारच्या राज्याशी युती सांभाळली. त्यांना दोनदा पैसे दिले, राजकन्येचे लग्न त्यांच्या युवराजाशी लावले. पूर्वेकडे माझा एक वेढा रेंगाळला होता, म्हणून बंदरातली बहुतेक फौज तिकडे हलवली. पुढच्याच फेरीत या मित्रराज्याचे एकुलते एक गलबत माझ्या बंदरासमोर येऊन उभे राहिले, नाकेबंदी जाहीर झाली आणि युती तुटली. मागून फौज आलीच नाही. त्यानंतरच्या फेरीत त्यांचाच वकील तह मागायला आला! हा संगणकाचा वेडेपणा समजायचा, की गेम मुद्दाम माझ्या वाईटावर आहे?

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात : बंदरातली फौज आपण पूर्वेकडे हलवली होती. चाळीस फेऱ्यांची मैत्री, पैसा आणि सोयरीक यांकडे आपण पाहत होता. संगणक त्याच वेळी बंदरातल्या शिबंदीकडे पाहत होता.

अशा गेममध्ये संगणकाच्या ताब्यातील राज्याला एकच मेंदू आहे असे आपण गृहीत धरतो, पण पुष्कळदा तसे नसते. तह, युती, खंडणी, सोयरीक यांचा विचार करणारा एक भाग असतो, आणि फौजा कुठे पाठवायच्या, कोणते ठाणे घ्यायचे हे ठरवणारा दुसरा भाग असतो. हा दुसरा भाग दर फेरीला नकाशावरून नजर फिरवतो आणि आवाक्यातल्या प्रत्येक ठाण्याला गुण देतो : ठाणे किती श्रीमंत आहे, आत किती तुकड्या आहेत, आपल्याकडे मोकळी फौज किती आहे, अंतर किती आहे. मैत्री हा या हिशेबातला एक आकडा असतो, परंतु तो पुष्कळ आकड्यांपैकी एक असतो. उदाहरणादाखल असे समजू की मैत्रीमुळे आपल्या बंदराच्या गुणांतून साठ वजा होत होते आणि आत आठ तुकड्या असेपर्यंत त्या ठाण्याचा मोह फक्त चाळीस होता. आठाच्या दोन तुकड्या झाल्या आणि मोह सत्तरावर गेला, म्हणजे मैत्री जशीच्या तशी राहूनही पारडे फिरले. आपल्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते. त्या हिशेबात मात्र चाळीस फेऱ्यांतला सर्वांत मोठा बदल नुकताच घडलेला होता.

मग एकच गलबत का? हल्ल्याचा हुकूम निघाला की जवळ असलेले जे काही आहे ते निघते, आणि समुद्रमार्गाचा वेग जास्त असल्यामुळे गलबत पहिल्याच फेरीत पोहोचते. फौज मात्र अजून जमवायची असते किंवा दोन फेऱ्यांच्या अंतरावर असते. इथे गेम चालवणाऱ्या या संगणक-प्रोग्रॅमांचा खरा दोष उघडा पडतो. त्यांपैकी अनेकांना मागच्या फेरीतला आपला बेत आठवत नाही. पुढच्या फेरीत सगळा हिशेब पुन्हा कोऱ्या पाटीवर सुरू होतो, तोवर दुसऱ्या सीमेवर काही नवे घडलेले असते, आणि बंदर घेण्याचा बेत फौज निघण्याआधीच विरून जातो. इकडे तहांचे काम पाहणारा भाग जागा होतो तेव्हा त्याला एवढेच दिसते की एका बलाढ्य शेजाऱ्याशी विनाकारण युद्ध चालू आहे. तो ताबडतोब वकील रवाना करतो. एकाच दरबारातील दोन कारभारी एकमेकांशी न बोलता आपापले काम चोख बजावत असले, तर बाहेरून पाहणाऱ्याला तो दरबार वेडाच वाटणार.

२००६ मध्ये आलेल्या मेडिव्हल २ : टोटल वॉर या गेमच्या खेळाडूंना, ज्याची मोहीम १०८० मध्ये सुरू होऊन १५३० पर्यंत चालते, असे गलबत चांगलेच परिचयाचे आहे. त्या गेममध्ये राज्यांच्या आक्रमणाचे आणि तहांचे बरेचसे नियम मजकुराच्या फायलींमध्ये लिहिलेले असल्यामुळे जाणकारांनी त्या फायली मोकळ्या केल्या, नियम वाचले आणि आपल्या मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनीच फेरफार करून बनवलेल्या गेमच्या आवृत्तीत, ते नव्याने लिहून काढले. मॉड बनवणाऱ्यांच्या या खटाटोपाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण प्रतिस्पर्ध्याचे डोके उघडून पाहण्याची अशी संधी खेळाडूला क्वचितच मिळते.

दगा मध्ययुगात नव्हता असे मुळीच नाही, आणि म्हणून तो गेममध्ये नसावा असेही मी म्हणणार नाही. १४१९ मध्ये माँतेरो येथील पुलावर वाटाघाटी चालू असताना फ्रेंच युवराजाच्या माणसांनी बर्गंडीचा ड्यूक जॉन याचा खून केला. त्याचा मुलगा फिलिप इंग्लंडच्या बाजूला गेला आणि १४२० च्या त्र्वा येथील तहात सामील झाला. तोच फिलिप १४३५ मध्ये आरास येथे त्याच युवराजाशी, जो तोवर सातवा चार्ल्स या नावाने राज्य करत होता, समेट करून इंग्लंडला सोडून गेला. बदल्यात त्याला मुलूख मिळाला, चार्ल्सला मुजरा करण्यातून सूट मिळाली आणि वडिलांच्या खुनाबद्दल प्रायश्चित्ताची कबुलीही मिळाली. इंग्लंडच्या दरबाराला हा धक्का होता, पण त्यामागची कारणे एकेक करून सांगता येतात. आपल्या बंदरासमोरच्या गलबताबाबत माझी तक्रार नेमकी इथे आहे : कारण होते, पण गेमने ते आपल्याला दाखवले नाही आणि त्या कारणाशी इमानही राखले नाही.

तूर्त उपाय म्हणाल तर मित्रराज्याच्या आवाक्यातील ठाण्यांतून फौज हलवताना ती दोन-तीन फेऱ्यांत थोडीथोडी हलवावी, आणि तिच्या जागी स्वस्तातल्या का होईना पण चार-पाच तुकड्या आधी भराव्यात. पुष्कळ गेममध्ये हिशेबात तुकड्यांचा दर्जा येतोच, पण रिकामे ठाणे जितके डोळ्यांत भरते तितके दुबळे ठाणे भरत नाही.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो की हे सगळे फाशांवर चालते. मी सेव्ह केलेला डाव पुन्हा लोड करून पाहिला, तर कधी अगदी तेच घडते आणि कधी दुसरेच काही घडते. फासा असेल तर दर वेळी वेगळे घडायला नको का?

उत्तर : संगणकाचा फासा हा खरा फासा नसतो. सुरुवातीची एक संख्या घेतली जाते, तिला सीड म्हणतात. तिच्यापासून ठरलेल्या गणिताने पुढच्या संख्यांची एक लांबलचक माळ तयार होते, आणि गेमला जेव्हा जेव्हा नशिबाचा कौल हवा असतो तेव्हा तेव्हा तो या माळेतला पुढचा मणी ओढतो. सेव्ह करताना माळ आणि तिच्यातली जागा दोन्ही साठवली गेली असतील, तर लोड केल्यावर त्याच क्रमाने त्याच चाली केल्यास तेच घडणार. मात्र मध्येच एक जास्तीचा हेर पाठवलात, तर त्या हेराच्या यशापयशासाठी एक मणी खर्च होतो आणि त्यापुढच्या प्रत्येक कौलाला आता शेजारचा मणी मिळतो. हे आपण स्वतः करून पाहू शकता : एकच डाव दोनदा लोड करा, एकदा त्याच चाली करा, दुसऱ्यांदा त्याच चालींच्या आधी कुठे तरी हेर पाठवा. सिव्हिलायझेशन या गेम-मालिकेच्या काही भागांत लोड केल्यावर नवा सीड घ्यायचा की नाही, हा पर्याय खेळाडूच्याच हाती दिलेला आहे.

फासा किती वापरायचा यापेक्षा कुठे वापरायचा हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा एका राज्यापुढे तीन वाटा आहेत आणि त्यांचे गुण पन्नास, पंचेचाळीस आणि पाच असे आहेत. नेहमी पन्नासाचीच वाट धरली, तर दहा डाव खेळलेला माणूस ते राज्य तोंडपाठ करून टाकतो. गुणांच्या प्रमाणात फासा टाकला, तर शंभरातून पाच वेळा ते राज्य स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते, आणि नेमकी तीच पाच वेळा खेळणाऱ्याच्या लक्षात राहतात. म्हणून पाचाची वाट आधी गाळून टाकावी आणि पन्नास व पंचेचाळीस या दोहोंमध्येच फासा टाकावा, ही पद्धत मला सर्वांत समंजस वाटते. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये संगणक-खेळाडूच्या स्क्रिप्टला, म्हणजे त्याचे वागणे ठरवणाऱ्या नियमांच्या फायलीला, यादृच्छिक अंक काढता येतो. लिहिणारा त्याचा उपयोग करून या डावात लवकर धाड घालायची की आधी वस्ती वाढवायची, हे आरंभीच ठरवून टाकू शकतो. सिव्हिलायझेशन ५ मध्ये प्रत्येक नेत्याच्या कलांना आकडे दिलेले आहेत आणि डाव सुरू होताना ते आकडे थोडेसे वरखाली केले जातात, त्यामुळे तोच नेता ओळखीचा वाटतो, पण मागच्या डावाची हुबेहूब प्रत नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मित्राला अवश्य सांगा. पंधरा-वीस राज्ये एकाच नकाशावर एकमेकांकडे पाहून निर्णय घेत असतात, तेव्हा कुठेही फासा न टाकताही बेभरवशाचे वाटेल असे पुष्कळ काही घडते. दूरच्या कोपऱ्यात एक लढाई हरली जाते, त्यामुळे तिसऱ्याच राज्याची सीमा निर्धोक होते, त्याची फौज मोकळी होते, आणि सहा फेऱ्यांनी ती फौज आपल्या दाराशी येते. आपल्याला फक्त शेवटचा दुवा दिसतो.

प्रश्न : अवघड पातळीवर संगणक लबाडी करतो हे खरे आहे का?

उत्तर : काही गेममध्ये खरे आहे. एज ऑफ एम्पायर्स २ हा गेम १९९९ मध्ये आला तेव्हा त्याच्या सर्वांत अवघड पातळीवर संगणकाला जास्तीची साधनसंपत्ती मिळत असे; २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनसाठी तयार केलेला नवा संगणक-खेळाडू मात्र अशा देणगीवाचून खेळतो आणि तरीही सराव नसलेल्याला सहज हरवतो. देणगी दिली तर ती पातळीच्या नावाखाली स्पष्ट लिहावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

परंतु लबाडीचा संशय आणि लबाडी यांत फरक करायला हवा. सिव्हिलायझेशनच्या पहिल्या भागात एका आकड्याच्या चुकीमुळे गेममधले भारताचे नेते गांधी अण्वस्त्रांचे वेडे होत, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. तशी चूक त्या गेममध्ये नव्हती, असे त्याचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आत्मचरित्रात लिहिले. अनपेक्षित वागणुकीचे कारण दाखवले गेले नाही, की माणसे स्वतः कारण रचतात आणि ते पुढे सांगत राहतात.

प्रश्न : ज्यांचे वागणे समजून घेता येते असे प्रतिस्पर्धी कोणत्या मध्ययुगीन गेममध्ये भेटतील?

उत्तर : अगदी सोप्या टोकापासून सुरुवात करायची असेल तर २००२ चा स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर पाहावा. त्यातले उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा या नावांचे प्रतिस्पर्धी ठरलेल्या स्वभावाचे आहेत. उंदराचा किल्ला कच्चा असणार आणि लांडग्याचा भक्कम असणार, हे काही डावांत पाठ होते. ते पाठ होणे हाच तिथला आनंद आहे, कारण कोणत्या शत्रूला कोणत्या शत्रूच्या शेजारी बसवायचे याची मांडणी आपण स्वतः करू शकतो. २०१० च्या माउंट अँड ब्लेड : वॉरबँड मध्ये सरदारांना भांडखोर, सज्जन, कावेबाज असे स्वभाव दिलेले आहेत, आणि तेच कृत्य एका सरदाराला रुचते तर दुसऱ्याला खटकते.

माझी स्वतःची पसंती मात्र २०२० मध्ये आलेल्या क्रुसेडर किंग्ज ३ ला आहे. मुळात ८६७ किंवा १०६६ मध्ये सुरू होणाऱ्या या गेममध्ये राज्य निर्णय घेत नाही, माणूस निर्णय घेतो. प्रत्येक पात्राच्या गुणदोषांवरून त्याचे धाडस, दया, लोभ, इमान, विवेक, मनमिळाऊपणा, सूडबुद्धी आणि धर्मनिष्ठा यांचे आकडे ठरतात. त्याचे आपल्याविषयी काय मत आहे, हा आकडा पडद्यावर दिसतो आणि त्यावर बोट ठेवले की त्याची फोड समोर येते : लग्नसंबंधाचे इतके अधिक, बळकावलेल्या मुलखाचे इतके उणे. आपण मांडलेला प्रस्ताव तो का नाकारील, हेही प्रस्ताव पाठवण्याआधी वाचता येते.

यातला एक प्रसंग जवळून सांगतो. माझ्या एका डावात म्हातारा राजा अंथरुणातच वारला. खजिना भरलेला होता, फौज शाबूत होती, सीमेवर शांतता होती. गादीवर आलेल्या मुलाला वर्षही झाले नसेल, तोच चार मोठ्या मांडलिकांनी मिळून राजाचे अधिकार कमी करण्याची मागणी पुढे केली आणि नकार दिला तर बंड, असा खलिता पाठवला. माझी पहिली प्रतिक्रिया आपल्या सर्वांसारखीच होती : हे कुठून आले? मग एकेकाच्या नावावर बोट ठेवून फोड वाचली. बापाबद्दलचा आदर बापाबरोबर गेला होता. कारकीर्द नवी असल्याबद्दल प्रत्येकाच्या मतातून वजाबाकी झाली होती. म्हाताऱ्याचा जो धाक होता तो मुलाकडे आला नव्हता. चौघांपैकी एक भित्रा होता, पण बाकीच्या तिघांचे बळ मोजून तोही सामील झाला होता. मांडलिकांच्या गटाचे बळ आणि त्यांचा असंतोष, दोन्ही आकडे महिनोन्‌महिने माझ्यासमोर वाढत होते, आणि मी मात्र परमुलखाचा नकाशा न्याहाळत बसलो होतो. त्या भित्र्याला दरबारातले मानाचे पद वेळीच दिले असते, तर गटाचे बळ पुरेसे भरलेच नसते. हा डाव मी हरलो, आणि तरीही कित्येक जिंकलेल्या डावांपेक्षा तो मला प्रिय आहे.

प्रश्न : मी स्वतः एक छोटासा मध्ययुगीन गेम तयार करत आहे. प्रतिस्पर्धी राज्ये बेभरवशाची वाटावीत पण खेळणाऱ्याचा संताप होऊ नये, यासाठी काय करावे?

उत्तर : फासा शक्यतो डावाच्या सुरुवातीला टाकावा, प्रत्येक निर्णयाच्या वेळी नव्हे. एक राजा लोभी निघावा, दुसरा दीर्घद्वेषी निघावा, आणि कोण कसा निघाला हे खेळणाऱ्याने वागण्यावरून ओळखावे. मात्र एकदा लोभी निघालेला राजा शेवटपर्यंत लोभ्यासारखाच वागला पाहिजे. असे केले की प्रत्येक डाव वेगळा होतो आणि तरीही डावाच्या आत शिकण्यासारखे काही उरते.

पहिल्या प्रश्नातले गलबत टाळायचे असेल, तर राज्याला बेताची आठवण द्यावी. युद्धाचा बेत एकदा ठरला की तो काही फेऱ्या टिकावा, आणि तो मोडायला तितकेच वजनदार कारण लागावे. त्याचबरोबर तह मोडण्याची किंमत हिशेबात धरावी : ज्याने एकदा शब्द मोडला त्याच्याशी तह करायला इतर राज्यांनीही पुढे कचरावे, आणि हे संगणकाच्या राज्यांनाही लागू असावे. बेत ठरणे आणि घाव पडणे यांच्यामध्ये दोन-तीन फेऱ्यांचे अंतर ठेवा आणि त्या अवधीत खुणा दिसू द्या, जसे की वकील परत बोलावला जातो, व्यापाराचा करार लांबणीवर पडतो, सीमेजवळच्या ठाण्यात तुकड्या वाढतात. या खुणा ओरडून सांगायच्या नाहीत. शोधणाऱ्याला सापडल्या म्हणजे पुरे.

शेवटी, प्रत्येक राज्याच्या प्रत्येक मोठ्या निर्णयाचे कारण एका साध्या फायलीत एका ओळीत नोंदवायची सोय पहिल्या दिवसापासून करा : कोणती फेरी, कोणी, काय केले, कोणत्या तीन आकड्यांमुळे, आणि फाशाचा वाटा किती. मग खेळाडूशिवाय, फक्त संगणकाची राज्ये एकमेकांशी झुंजवत शंभर फेऱ्यांचे काही डाव रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी ती फाईल वाचा. ज्या युद्धाचे कारण ती ओळ वाचूनही तुम्हाला, म्हणजे ते लिहिणाऱ्यालाच, पटणार नाही, त्या युद्धाच्या नियमाला आधी हात घाला. पुढच्या पत्रासोबत त्या फाईलमधल्या दहा-बारा ओळी पाठवल्यात, तर त्या वाचून उत्तर द्यायला मला आवडेल.